अठरा की दोन?

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी परिणामी रोधाच्या, म्हणजे अनेक रोध जोडल्यावर मिळून होणाऱ्या एकूण रोधाच्या, गणितात मी चांगलाच आपटलो. सूत्रं तोंडपाठ होती: एकसर जोडणीत सरळ बेरीज, समांतर जोडणीत व्यस्तांची बेरीज. 6 आणि 3 ओहम समांतर जोडले तर 1/6 अधिक 1/3, म्हणजे 1/2. ते उलटं करून 2 लिहायचं, मी अर्धाच लिहून मोकळा व्हायचो. ‘उत्तर सगळ्यात लहान रोधापेक्षा कमी हवं’ हा ताळाही इथे फसवा, अर्धा तीनपेक्षा कमीच की!

पण खरी गोची आकृतीत होती. एका रांगेत 6 ओहमचे तीन रोध: अ पासून क, क पासून ड, ड पासून ब. वर अ आणि ड यांना जोडणारी एक तार, खाली क आणि ब यांना जोडणारी दुसरी. अ ते ब परिणामी रोध किती? मी डोळे झाकून 18 लिहिलं. उत्तर होतं 2.

धाकट्या बहिणीचे स्केचपेन घेऊन बसलो. अ पासून निघून मध्ये रोध लागेपर्यंत सगळी तार लाल केली, तर ड सुद्धा लाल झाला. ब पासून निळी केली, तर क निळा. आता बघतो तर तिन्ही रोधांचं एक टोक लाल, एक निळं. म्हणजे तिन्ही समांतर, फक्त रांगेत उभे राहून भोळेपणाचा आव आणत होते! तेव्हापासून आधी रंग, मग सूत्र. ज्याची दोन्ही टोकं एकाच रंगाची निघतात तो रोध तर सरळ खोडायचा, त्यातून प्रवाह जातच नाही.

लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर (भाग भोकांत खोचून जोडणी करायची पाटी) हेच 330 ओहमचे तीन रोध (त्यांच्यावरचे रंगीत पट्टे: नारंगी-नारंगी-तपकिरी, शेवटी सोनेरी) लावून पाहिलं. हिशोबाने 110, मीटरवर 108.6. सोनेरी पट्ट्याला पाच टक्के माफ असतात.

मग चेव आला आणि 1 मेगाओहमचा रोध दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मोजला, तर 700 किलोओहम! बिघडला म्हणून बाजूला टाकणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की प्रोबच्या पिना माझ्या बोटांत आहेत, मीच समांतर जोडला गेलोय. वहीच्या कोपऱ्यात लगेच गणित मांडलं: 1/0.7 वजा 1. उलटं करायला या वेळी विसरलो नाही. मी साधारण 2.3 मेगाओहमचा निघालो.