आत शिरण्याची वाट

सोमवार, रात्री

आज पळाले. म्हणजे एक मिनिट. मग दोन मिनिटं चालले, पुन्हा एक मिनिट पळाले, असं सहा वेळा. परवा फुफ्फुसाच्या ऑपरेशनला पाच महिने होतील. धाप लागली, पण घाबरले होते तितकी नाही. दुखलं मात्र. चौथ्या फेरीत उजव्या स्तनाखालून पाठीकडे जाणारी ती ओळखीची रेघ पेटली आणि मी हात कुशीवर दाबून उभी राहिले.

ऑपरेशनच्या आधी सगळी काळजी श्वासाची होती. उजव्या फुफ्फुसाला तीन लोब, म्हणजे तीन भाग असतात, त्यातला खालचा काढणार म्हटल्यावर पळणं संपलंच, असं धरून चालले होते. गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, उरलेले दोन लोब फुगून आपापल्या कामाला लागले. श्वास ओढून चेंडू वर उचलायच्या त्या तीन चेंडूंच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यात तिसरा चेंडू वर चिकटला त्या दिवशी घरात टाळ्या पडल्या. दुखेल हे माहीत होतं, पण पाच महिन्यांनी अजून दुखेल हे कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर जखम कोरडी ठेवा, जड उचलू नका, अमुक तारखेला दाखवा, एवढंच. राग येतो कधीकधी. सांगितलं असतं तरी दुखलंच असतं, पण रात्री तीन वाजता गाठ परत आली की काय म्हणून छत बघत पडले नसते.

गंमत अशी की फुफ्फुसाला स्वतःला दुखण्याची जाणीवच नसते. जाणीव असते ती छातीच्या भिंतीला आणि तिला आतून लागून असलेल्या आवरणाला. म्हणजे माझा जो तुकडा कापून नेला तो निमूटपणे गेला. बोंब मारतेय ती त्याच्यापर्यंत जायची वाट.

आणि वाट आहे अरुंद. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक पन्हळ असते. तिच्यातून शीर आणि रोहिणी या रक्तवाहिन्या आणि नस, म्हणजे जाणीव वाहून नेणारा मज्जातंतू, अशा तिघी एकीखाली एक जातात, नस सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात कमी आडोशाला. दुर्बीण आणि हत्यारं दोन बरगड्यांच्या मधून आत जातात, आणि आत कोन बदलायचा म्हणजे बाहेर दांडा कलवायचा. तो टेकतो कुठे? या नसेवर. वर नंतर चार दिवस तिथेच छातीतलं पाणी-हवा काढणारी नळी. बाहेरून दिसतात तीन छोटे व्रण, सगळ्यात मोठा माझ्या करंगळीएवढा. ‘दुर्बिणीतून झालं ना, मग?’ असं लोक विचारतात तेव्हा मी हसते. व्रण दाखवायची सोय नाही, आणि दाखवले तर उलट त्यांचंच म्हणणं खरं वाटेल.

या दुखण्याला डॉक्टरांकडे नाव आहे: पोस्ट-थोरॅकोटॉमी पेन सिंड्रोम. छाती उघडून करायच्या ऑपरेशनवरून पडलेलं, पण दुर्बिणीवाल्यांनाही चिकटतं. दोन महिन्यांनंतरही व्रणाच्या रेषेत दुखत राहिलं की हे नाव लागतं. नाव ऐकलं त्या रात्री शांत झोप लागली.

मंगळवार

फिजिओथेरपिस्ट मॅडम दर खेपेला विचारतात, शून्य ते दहामध्ये किती? मला आकडा देताच येत नाही. आज त्यांना म्हटलं, शब्द सांगू का? आणि बसून यादीच केली. श्वास पूर्ण भरला की आत ओढ बसते. वळताना चमक निघते, आली आणि गेली. जिना चढल्यावर ठणका, तो अर्धा तास मुक्काम करतो. ब्राचा पट्टा जिथे टेकतो तिथे आग, आणि त्याच्याच दोन बोटं खाली कातडी इतकी बधीर की चिमटा काढला तरी दुसऱ्याची वाटते. एकाच पट्ट्यात बधीरही आणि झोंबणारंही, हे मला अजून पटत नाही. टी-शर्टची शिवण सहन होत नाही म्हणून तो उलटा घालते. धाकटी म्हणते, आई, शर्ट उलटा आहे. रोज म्हणते.

मॅडमनी यादी फाईलला लावली. म्हणाल्या, ओढ आणि स्नायूची रग आली तर चालत राहा. चमक आली तर वेग कमी करा, थांबायलाच हवं असं नाही. ठणका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. आणि ताप, एकाएकी वाढलेली धाप, थुंकीत रक्त, एका पायाची पोटरी सुजणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम-बियाम ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा. हे शेवटचं मी फ्रिजवर लावलंय.

बुधवार

अतिशहाणपणा केला. पाय बरे चालतायत म्हणून डंबेल काढले. दोन-दोन किलोचेच. डोक्यावर नेले, दहा वेळा, मग उत्साहात आणखी दहा.

गुरुवार

खोकलं की कळ. उशी परत बाहेर काढली, छातीशी धरून खोकायला.

शुक्रवार, दुपारी

अजून ठणकतंय. नसेची गोळी चालू आहेच. साध्या वेदनाशामकाने हे दुखणं फारसं हलत नाही, ही गोळी हलवते, पण सकाळी अकरापर्यंत डोक्यात कापूस. मध्यंतरी वैतागून एकदम बंद करणार होते. डॉक्टरांनी फोनवरच दटावलं: सोडायची तर हळूहळू, आणि मला विचारून.

पडल्यापडल्या एक उद्योग केला. दबलेली नस पुन्हा वाढते ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर, असं वाचलं होतं. टेप घेतला, बगलेखालच्या व्रणापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत मोजलं. 22 सेंटिमीटर. म्हणजे 220 दिवस, त्यातले दीडशे झाले, राहिले सत्तर. डॉक्टरांना हिशोब पाठवला. उत्तर आलं, ‘नस वेळापत्रक वाचत नाही.’ आणि खाली, मुंग्या येत असतील तर ते वाईट लक्षण समजू नका. बरगड्यांखाली पोटाची उजवी बाजू जरा फुगलेली दिसते, तेही विचारलं. त्याच नसा पुढे पोटाच्या स्नायूंना जातात, म्हणून तो भाग सैल पडलाय. मी तीन महिने जेवण कमी करत होते!

शनिवार

ठणका गेला. मॅडमनी मला चालायला लावून मागून व्हिडिओ काढला. बघून मलाच कसंतरी झालं. उजवा खांदा कानाकडे चढलेला, धड उजवीकडे कललेलं, आणि हात कुशीला असा चिकटलेला की कडेवर मूल असावं. पाच महिने मी काहीतरी सांभाळत चाललेय. त्यामुळे खांदा आखडलाय, आणि बुधवारची निम्मी कळ नसेची नसून या आखडलेल्या खांद्याची असावी, असं त्यांचं म्हणणं. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि बोटं चालवत हात वर नेला. डावा पोचला तिथे पेन्सिलीने खूण. उजवा चार बोटं खाली राहिला. श्वास रोखून धरताय, त्या म्हणाल्या. खरंच, धरला होता. सोडला, तर आणखी एक बोट वर गेला.

डंबेल त्यांनी नेले. परत देईन म्हणाल्या.

रविवार, सकाळी

पळाले. एक मिनिट, दोन मिनिटं चालणं. हात मुद्दाम सैल सोडला, तर तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा हलत होता. दुसऱ्या फेरीत चमक, तिसऱ्यात पुन्हा. वेग कमी केला, थांबले नाही. पाचवीत काहीच नाही. सहावी संपली तेव्हा पाय म्हणत होते आणखी एक. बुधवार आठवला. चालत घरी आले.

धाकटी दारात. शर्ट उलटा आहे, आई.