उसण भरली की ‘ती’ गोळी

"उसण भरलीय हो, ती गोळी द्या ना दोन." एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा, त्यावर नावाची अर्धीच अक्षरं उरलेली. मी मेडिकलमध्ये बसतो त्यामुळे हे रोजचंच. चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं होतं, "मागच्या वेळी डॉक्टरांनीच दिली होती की." दिली असेल हो, पण मागच्या वेळी तुम्हाला बीपीची गोळी चालू होती का हे मला कसं कळणार?

‘ती’ गोळी म्हणजे मसल रिलॅक्संट, स्नायू सैल करणारं औषध. ते आखडलेल्या जागी जाऊन स्नायू मोकळा करणारं काहीतरी असं लोकांना वाटतं. तसं नसतं. यातली बहुतेक औषधं मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात, तिथून स्नायूला आखडायचे जे सिग्नल जातात ते मंदावतात, आणि म्हणूनच झोप येते, डोकं जड होतं. गोळी खाऊन रिक्षा चालवायला निघालेल्या माणसाला मी दोनदा सांगतो, आणि संध्याकाळी ‘बसायचा’ प्लॅन असेल तर तिसऱ्यांदा.

दुसरी गंमत म्हणजे आपल्याकडे हे औषध बहुतेक वेळा जोडीनेच येतं. असिक्लोफिनॅक (पेनकिलर) १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि थायोकोल्चिकोसाइड (यातलं मसल रिलॅक्संट हेच) ४ मिलिग्रॅम, सगळं एका गोळीत. म्हणजे आराम नक्की कशाने पडला ते देवच जाणे, आणि वर डोकं दुखतंय म्हणून घरातली पेनकिलर वेगळी घेतली की डोस झाला डबल, मग पोटात आग पडली की परत आमच्याकडेच.

हे थायोकोल्चिकोसाइड कळलावीपासून बनवतात बरं का, तीच लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची वेल, कोकणात गौरीच्या सजावटीत असते ती. तमिळनाडूत बियांसाठी तिची चक्क शेती करतात. पण वेल जबरदस्त विषारी आहे, कंद पोटात गेला तर जिवावर बेततं, त्यामुळे बांधावरून उपटून काढे करायच्या भानगडीत पडू नका. गोळीतलं औषधही निवांतपणे महिनोन्महिने खायचं नाही. २०१३ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने त्यावर मर्यादा घातल्या: तोंडाने घ्यायचं तर दर १२ तासांनी ८ मिलिग्रॅमपर्यंत, जास्तीत जास्त ७ दिवस, १६ वर्षांखालच्यांना नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना नाही. कारण शरीरात त्यापासून तयार होणारा एक पदार्थ पेशी विभागताना गुणसूत्रांची संख्या बिघडवू शकतो. इकडे लोक सासूची उरलेली गोळी सुनेला देतात.

टिझानिडिन या दुसऱ्या मसल रिलॅक्संटची वेगळीच तऱ्हा. तोंड कोरडं पडतं, बीपी खाली येतं, पटकन उठलं की चक्कर. त्यात जुलाब लागले म्हणून कोणी मनानेच सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं तर रक्तातलं टिझानिडिन कितीतरी पटीने वाढतं, ही जोडी चालतच नाही. क्लोरझोक्साझोन या तिसऱ्या मसल रिलॅक्संटने लघवी नारिंगी झाली तर घाबरू नका, पण डोळे पिवळे दिसले तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा, लिव्हरचा प्रश्न असू शकतो. आणि सत्तरीच्या आजोबांना यातलं काहीही द्यायच्या आधी रात्री बाथरूमला जाताना तोल जाईल याचा विचार करा, उसण परवडली पण खुब्याचं हाड मोडणं नको.

रात्री पोटरीत गोळा येतो त्याला बऱ्याच जणांना हीच गोळी हवी असते. तिथे पाऊल स्वतःकडे ओढून पोटरी ताणली की बहुतेक वेळा भागतं. साधी उसणही बऱ्याचदा थोडं शेकून, हळूहळू चालत-फिरत राहून काही दिवसांत उतरते, अंथरुणाला खिळून राहिलात तर उलट जास्त आखडते. मात्र पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधे बधिर वाटायला लागलं किंवा लघवी अडली तर मेडिकलमध्ये यायचंच नाही, सरळ हॉस्पिटल.

बॅक्लोफेन हेही मसल रिलॅक्संटच, पण ते घेणारे पेशंट वेगळे, पक्षाघातानंतर किंवा मज्जारज्जूच्या आजाराने हातपाय कडक झालेले. त्यांना उलटं सांगावं लागतं, की बाबांनो, स्ट्रिप संपायच्या आधी या, ही गोळी एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात.