मालीमचा ट्रॉलर आणि एक मेगाटन

एक किलो डिझेल जळताना सुमारे ४३ मेगाजूल उष्णता देतं, एक किलो टीएनटी (बॉम्बमधलं स्फोटक) फुटताना जेमतेम ४.२. (डिझेल ऑक्सिजन हवेतून उसना घेतं, टीएनटी तो पोटातच बाळगतं.) तेव्हा इंजिन आणि बॉम्ब यांची तुलना नुसत्या ऊर्जेवरून करू गेलं तर फसगत ठरलेली.

१५० अश्वशक्तीचं ट्रॉलरचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण २८ लिटर डिझेल पितं. एक मेगाटनाच्या, म्हणजे दहा लाख टन टीएनटीइतक्या ताकदीच्या हायड्रोजन बॉम्बइतकी उष्णता काढायला ते गोव्यातल्या मालीम जेटीवर सलग ४७० वर्षं चालवावं लागेल. बॉम्बला एक मायक्रोसेकंद पुरतो. १८०० आरपीएमवर पिस्टनचा पॉवर स्ट्रोक (जळत्या इंधनाने तो खाली ढकलला जातो ती फेरी) १७ मिलिसेकंदांचा, पण तो संपला की पिस्टन पुन्हा वर येतो. बॉम्बाला परतीची वाट नाही.

उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल याचा फ्रेंच अभियंता कार्नोचा १८२४ मधला हिशेब दोन तापमानांचा: गरम बाजू आणि थंड बाजू. बॉम्बाच्या गाभ्यात कोटींनी अंश, म्हणजे कागदावर कार्यक्षमता जवळपास शंभर टक्के! पण त्यापुढे टिकणारं सिलिंडर आणायचं कुठून? १९७०च्या दशकात लॉस अलामोस या अमेरिकन अण्वस्त्र प्रयोगशाळेच्या ‘पेसर’ योजनेत भूगर्भातल्या पोकळीत असे बॉम्ब फोडून वाफेवर टर्बाइन फिरवायचं होतं. वाफ काही शे अंशांचीच, म्हणजे कोटींचा सगळा फायदा तिथेच गळाला. ती योजना कागदावरच राहिली.

ट्रॉलरची थंड बाजू म्हणजे समुद्र. इंधनाच्या उष्णतेतली ३५ ते ४० टक्के पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला मिळते. सुमारे पाव हिस्सा, इथे ७० किलोवॅट, पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. खाऱ्या पाण्याचं तापमान दहा अंशांनी वाढू द्यायचं तर मिनिटाला शंभरेक लिटर हवेत. बोटीच्या तळाशी पाणी आत घेणाऱ्या तोंडावरच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसून प्रवाह निम्मा झाला की वाढ वीस अंशांची. ५५ अंशांच्या पुढे हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनाची उष्णता खाऱ्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या) नळ्यांत क्षार धरतात, मग पिशवी काढूनही इंजिन तापतच राहतं.

हे पाणी ओढणारा पंप कोरडा फिरला तर त्यातल्या रबरी इंपेलरची (पाणी ढकलणाऱ्या चाकाची) पाती तुटतात. नवा इंपेलर बसवून भागत नाही, तुटलेले तुकडे मोजून हीट एक्स्चेंजरच्या तोंडातून काढावे लागतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत तर इंपेलर काढूनच ठेवावा. दोन महिने एकाच जागी दबलेली पाती वाकडीच राहतात आणि ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत पाणी कमी पडतं.