चौथ्या मजल्यावर कोणता कुत्रा?

कुत्रा आणायचा की नाही, हा वाद आमच्या घरात सहा वर्षे चालला. आणायचाच असे एकदा ठरल्यावर कोणत्या जातीचा आणायचा, हा वाद मात्र आठ महिन्यांत मिटला, आणि तोही आमच्यापैकी कोणाच्याच मनातला कुत्रा घरी न येता मिटला. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, साडेसातशे चौरस फुटांच्या घरात आम्ही चौघे राहतो. मुलाला हस्की हवा होता, नवऱ्याला लॅब्रॅडॉर, आणि सासूबाईंना त्यांच्या माहेरी साताऱ्याला होता तसा पांढराशुभ्र 'पॉम'. मला बीगलचे लांब कान आवडत होते, एवढेच माझे त्या वेळचे ज्ञान.

या विषयावर ज्यांच्याशी बोलावे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: घर केवढे आहे? आम्हीही सुरुवातीला त्याच हिशोबात अडकलो होतो. लहान घर म्हणजे लहान कुत्रा, हे गणित वरवर पाहता बरोबर वाटते. प्रत्यक्षात प्रौढ कुत्रा दिवसाचा अर्ध्याहून अधिक वेळ झोपून काढतो आणि झोपायला ग्रेट डेनलासुद्धा एक सतरंजी पुरते. याउलट जॅक रसेल टेरियर हा सहा-सात किलोंचा कुत्रा कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढण्यासाठी पैदा केलेला आहे, आणि ज्याच्या रक्तात असे काम आहे त्याला दिवसभर काहीच काम दिले नाही तर तो सोफ्यातच बीळ खणायला घेतो. तेव्हा खोल्या मोजण्याऐवजी, ही जात माणसाने मुळात कोणत्या कामासाठी घडवली आणि त्या कामातले काय काय आपल्या इमारतीत चालू शकेल, हे पाहायचे असे आम्ही ठरवले. त्यानंतर निवड बरीच सोपी झाली, जरी घरातले वातावरण थोडे तापले.

हस्कीचा निकाल सर्वांत आधी लागला. सैबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी बर्फावरून लांब पल्ल्याच्या घसरगाड्या ओढण्यासाठी जपलेली ही जात, अंगावर केसांचे दोन थर, आणि एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकलेला. एसी लावून ठेवू, असे मुलाचे म्हणणे होते. विजेचे बिल कोण भरणार हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि त्याला एवढेच विचारले, की आयुष्यभर एका थंड खोलीत बसवून ठेवायचे असेल तर धावण्यासाठी जन्मलेला प्राणी कशाला आणायचा? त्यावर त्याने उत्तर दिले नाही, पण त्याच्या मोबाईलवरचा हस्की तेव्हापासून आजतागायत तसाच आहे.

लॅब्रॅडॉरच्या बाबतीत मला वाद घालावाच लागला नाही. ही जात स्वभावाने खरोखरच गोड आहे, मुलांत रमते, विनाकारण भुंकत नाही. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांपासून ती आली, त्यामुळे माणसाबरोबर काम करणे हा तिचा आनंद आहे. मात्र तिच्या भुकेला अंत नाही, आणि यात केवळ लाडांचा दोष नसतो. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गहाळ असतो. फ्लॅटमधला लॅब्रॅडॉर म्हणूनच पाहता पाहता पस्तीस-चाळीस किलोंचा होतो, आणि या जातीत खुब्याच्या सांध्याचे दुखणे मुळातच पुष्कळ. आमची लिफ्ट तीस वर्षांची आहे आणि महिन्यातून एकदा तरी रुसते. अशाच एका रविवारी सासूबाईंनी सांगितलेले तांदळाचे पंचवीस किलोंचे पोते नवऱ्याने जिन्यावरून खांद्यावर घेऊन वर आणले. दारात पोते टेकवून तो तिथेच पायरीवर बसला, बराच वेळ छताकडे पाहत राहिला, आणि त्यानंतर लॅब्रॅडॉर हा शब्द त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही. म्हाताऱ्या, पाय धरलेल्या कुत्र्याला दिवसातून तीन वेळा असे उचलून न्यावे लागते, हे पिल्लू निवडताना कोणाच्या डोक्यात येत नाही.

माझ्या बीगलची वाट लावली ती आवाजाने. फ्लॅटमध्ये कुत्रा पाळताना जागेपेक्षा, खर्चापेक्षा आणि केस गळण्यापेक्षाही मोठी गोष्ट कोणती असेल तर ती आवाज, असे माझे आता ठाम मत झाले आहे. बीगल सशांच्या मागावर कळपाने धावत आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना आपण कुठे आहोत हे दूरवरून कळावे म्हणून त्यांचा तो लांबलचक, घंटेसारखा आवाज माणसानेच पिढ्यानपिढ्या निवडून जोपासला. शिवाय कळपाची सवय असल्यामुळे एकटेपणा त्यांना सहन होत नाही. माझी एक मैत्रीण बाणेरला सातव्या मजल्यावर बीगल पाळते. ती कामावर गेली की तो दारापाशी बसून गळा काढतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी ते रडणे रेकॉर्ड करून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले होते. त्या आजोबांचे चुकले असे मला म्हणवत नाही.

आवाजाच्या बाबतीत लहान जातींवर आंधळा विश्वास ठेवू नये. ल्हासा आप्सो हे तिबेटातल्या मठांच्या आत राखणीला बसणारे कुत्रे. परक्या पावलाची चाहूल लागली की आतल्यांना उठवायचे, हेच त्याचे शेकडो वर्षांचे काम. आता आपल्याकडच्या इमारतीत सकाळी सहापासून ऐकू येणाऱ्या पावलांचा हिशोब करून पाहा: दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, कामाला येणाऱ्या बायका, कुरिअर, शेजाऱ्यांचे पाहुणे, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून खडखडणारे लिफ्टचे दार. त्या मठातल्या पहारेकऱ्याने आयुष्यात जेवढी पावले ऐकली नसतील तेवढी आमच्या पॅसेजमधून नाश्त्याआधी जातात, आणि तो बिचारा प्रत्येकाची वर्दी प्रामाणिकपणे देत राहतो. दाराबाहेरची मोकळी जागा फरशीची आणि उघडी असेल तर तोच आवाज दुप्पट होऊन जिन्याभर घुमतो.

सासूबाईंच्या पॉमची गोष्ट वेगळी आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्याला आपण पॉमेरेनियन म्हणत होतो, तो बहुतेक वेळा पॉमेरेनियन नव्हताच; तो इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन तीन किलोंच्या आसपासचा, ओंजळीत मावेल असा असतो. आपला स्पिट्झ त्याच्याहून बराच मोठा, इंग्रजांच्या काळात इथे आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथल्या हवेला रुळवत आणलेला, वरणभातावर वाढलेला, आणि केसाळ असूनही उन्हाळा निभावून नेणारा. भुंकतो भरपूर, पण हुशार आणि काटक. सासूबाईंची निवड सर्वांत जुनाट वाटली होती आणि चौघांत तीच त्यातल्या त्यात शहाणपणाची निघाली. दुर्दैवाने लॅब्रॅडॉर आणि पग आल्यावर या जातीची हौस सरली, आणि आम्ही शोधायला लागलो तेव्हा चांगले पिल्लू सापडेना.

पगचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतून मुलामागे धावणारा पग घरोघरी पोहोचला, आणि फ्लॅटसाठी आदर्श कुत्रा अशी त्याची ख्याती झाली, ती आजही आहे. तो छोटा आहे, प्रेमळ आहे, फारसा भुंकत नाही, हे सगळे खरे. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांवर थोडासा येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचा आणि श्वासमार्गातला ओलावा उडवून बाहेर टाकतो. माणसाने ज्याचे नाकच आत दाबून टाकले, नाकपुड्या अरुंद आणि टाळू घशात लोंबती करून ठेवली, त्याच्याकडे ही सोय अपुरी असते. हवेतच दमटपणा असला की ओलावा उडायलाही वेळ लागतो, म्हणून मुंबई-ठाण्याच्या बत्तीस अंशांत पगचे हाल पुण्याच्या कोरड्या छत्तिसापेक्षा जास्त होऊ शकतात. त्याचे घोरणे अनेकांना गोड वाटते. पशुवैद्याला विचाराल तर ते बहुधा त्याची श्वासासाठी चाललेली धडपड असते. फ्रेंच बुलडॉगचेही तेच.

शिह त्झूचा चेहराही चपटाच, पण त्याचे नाक पगइतके आत गेलेले नसते. तिबेट-चीनमध्ये महालातला सोबती म्हणून वाढलेली ही जात, त्यामुळे कोणाच्या मागे धावणे किंवा राखण करणे हे तिच्या कामातच नाही. जातिवंत पिल्लूच हवे, घरात सकाळ-संध्याकाळ फिरवायला माणूस आहे आणि रोज पंधरा मिनिटे केस विंचरण्याची तयारी आहे, अशांना मी आजही हीच जात सुचवेन. केस बारीक कापून ठेवावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओले लांब केस म्हणजे त्वचेच्या रोगाला आमंत्रण आहे.

आम्हीही शिह त्झूवरच येऊन थांबलो होतो. शहराबाहेर एका ठिकाणी पिल्ले पाहायला गेलो, तेव्हा पिल्लांची आई दाखवा म्हटल्यावर ती दुसरीकडे आहे असे उत्तर मिळाले, आणि पिल्ले किती दिवसांची असे विचारल्यावर, 'पस्तीस दिवसांची आहेत ताई, लहान नेली की लवकर लळा लागतो.' केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकताच येत नाही, आणि त्याला कारण आहे: चावण्याचा जोर किती असावा, दुसऱ्या कुत्र्याशी कसे वागावे, हे पिल्लू त्या शेवटच्या आठवड्यांत आईकडून आणि भावंडांकडून शिकते. आईच न दाखवणाऱ्याकडून तिचा स्वभाव तरी कसा कळणार? आम्ही हात हलवत परत आलो.

त्यानंतर पशुवैद्यांच्या ओळखीने खारी आली. तीन वर्षांची गावठी कुत्री, नसबंदी झालेली, वजन सोळा किलो, रंग बेकरीतल्या खारीसारखा. मुळात रस्त्यावरची, पण पिल्लू असल्यापासून एका बाईंनी आपल्या फ्लॅटमध्ये सांभाळलेली. त्या परदेशी निघाल्या होत्या. प्रौढ कुत्र्याचा फायदा असा, की पिल्लाच्या बाबतीत जे सगळे अंदाज असतात ते इथे डोळ्यांनी दिसते. आम्ही तिला आधी पंधरा दिवस ठेवून घेतले. बेल वाजवून पाहिली, ती दोनदा भुंकून गप्प बसली. चार तास एकटी ठेवली आणि शेजारच्या काकूंना कान देऊन ऐकायला सांगितले. आवाज आला नाही. सोसायटीत एका गृहस्थांनी आक्षेप घेतला, तेव्हा प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे सचिवांना नेऊन दिली. सभेत बहुमताने ठराव करूनही कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. पट्टा आणि शी उचलण्याची पिशवी हे आमच्याकडून पाळायचे, हेही मी त्याच पत्रात लिहून दिले.

गावठी कुत्रा म्हणजे सगळ्यावरचा उतारा, असे मात्र मी म्हणणार नाही. ही कुत्री जात्याच सावध असतात आणि आपली हद्द राखतात. खारी रात्री अकरानंतर गॅलरीतून रस्त्यावरच्या कुत्र्यांना उत्तरे देते, म्हणून आम्ही गॅलरीचे दार दहालाच लावतो. मोठी होईपर्यंत रस्त्यावरच राहिलेल्या कुत्र्याला बंद दार जड जाते, त्याने ते कुरतडले तर नवल नाही. पावसाळ्यात गोचिडांसाठी अंग रोज चाचपावे लागते, ते कोणत्याच जातीला चुकत नाही.

खारी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. बिस्किटे झाली, लाडीगोडी झाली, पण दार सरकण्याचा खडखडाट झाला की ती चारही पाय रोवून उभी राहते. तेव्हा दिवसातून तीन वेळा चार मजले उतरणे आणि चढणे आमच्या वाट्याला आले आहे. सकाळची फेरी माझी, दुपारची मुलाची आणि रात्रीची नवऱ्याची. त्या रात्रीच्या फेरीत येताना तो आता पाच-पाच किलोंच्या पिशवीतून तांदूळ आणतो.