नेमुरोच्या कड्यावरची चाशी

खंदकात उतरून खाली बसले तसा वारा पडला. वर कड्यावर उभं राहणंसुद्धा कठीण होतं. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या पूर्व टोकाला, नेमुरो द्वीपकल्पातल्या नोक्कामाप्पूला मी आले होते ती इथल्या मूळ रहिवाशांची, ऐनू लोकांची चाशी बघायला. ऐनू भाषेत चाशी म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. आपल्या ‘कोटा’च्या जवळचा शब्द. पण इथे चिरेबंदी काही नाही. एका अंगाला समुद्रात तुटलेला कडा आणि जमिनीच्या अंगाला अर्धवर्तुळात खणलेले, एकमेकांना खेटून असलेले दोन खंदक. बाकी सगळं गवत.

होक्काइदोत अशा पाचशेहून जास्त जागा सापडल्या आहेत, बहुतेक १६ व्या ते १८ व्या शतकातल्या. त्या केवळ लढाईसाठी नव्हत्या. टेहळणी, धार्मिक विधी आणि ‘चारांके’ही तिथे होत असावेत, असं अभ्यासक मानतात. चारांके म्हणजे तंटा समोरासमोर बसून, बोलून सोडवायची ऐनू रीत. किल्ला बोलण्यासाठीही असतो, हे मला इथे येईपर्यंत सुचलंच नव्हतं.

नोक्कामाप्पूला मात्र बोलणं कामी आलं नाही. जपानी व्यापाऱ्यांच्या मासेमारी ठाण्यांवरची वेठबिगार आणि जुलूम असह्य होऊन १७८९ साली कुनाशिरी बेटावरचे आणि समोरच्या मेनाशी किनाऱ्यावरचे ऐनू उठले. ७१ जपानी मारले गेले. होक्काइदोच्या दक्षिणेला सत्ता असलेल्या मात्सुमाए या जपानी सरदार घराण्याचं सैन्य आलं आणि ३७ ऐनूंना याच परिसरात मारण्यात आलं. ज्या कुनाशिरीतून उठाव सुरू झाला, त्या बेटाचे डोंगर इथून समोर दिसतात. मी बराच वेळ तिकडेच बघत राहिले. दर सप्टेंबरात त्या ३७ जणांसाठी इथे ‘इचारपा’ हा पितरांचा विधी होतो.

१९८३ मध्ये नेमुरोतल्या २४ चाशींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २००६ च्या जपानमधल्या शंभर किल्ल्यांच्या यादीतही पहिला क्रमांक यांचाच आहे. यादी होक्काइदोपासून सुरू होते म्हणून. लाकडी कुंपणं नव्याने उभारण्याच्या फंदात इथे कुणी पडलेलं नाही. गवत कापायचं, म्हणजे खंदकाचा आकार उघडा राहतो, आणि त्यावरून फार माणसं चालू द्यायची नाहीत. आपल्या गडांवर सिमेंटने लिंपलेल्या भिंती बघितल्यामुळे असेल, मला हा संयम मनापासून पटला.

दुपारी द्वीपकल्पाच्या टोकाला, नोसाप्पू भूशिराजवळच्या ओन्नेमोतोला गेले. तिथली चाशी बंदरातूनच बघावी. जाळी आणि बोटींच्या मागे, कड्यावर, माती भरून सपाट केलेले दोन उंचवटे आकाशावर स्पष्ट उमटतात.