डीआरपी: सातपुड्याच्या पायथ्याचे तीन महिने

एमडी, एमएस करणाऱ्या प्रत्येकाला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करावं लागतं. हाच डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम. आमच्याकडे सगळे डीआरपीच म्हणतात. तो समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. मी बालरोग विभागात जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. माझी नेमणूक नंदुरबार जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात झाली. घर शिरपूरला, त्यामुळे मुलूख ओळखीचा होता.

वॉर्डातलं काम अवघड गेलं नाही, दमवलं ते कागदांनी. नेमणुकीचा आदेश, विभागाचं कार्यमुक्तीचं पत्र, तिकडचा रुजू अहवाल आणि दर महिन्याचं हजेरीपत्रक. या काळात पूर्ण स्टायपेंड मूळ कॉलेजकडूनच मिळतो. पण हजेरीपत्रक तिकडून इकडे वेळेत पोहोचलं नाही, तर बिलात नाव लागत नाही. माझ्या एका महिन्याचा स्टायपेंड असाच अडकला. टपालाने गेलेलं पत्रक आस्थापना शाखेत कुठेतरी पडून होतं. त्यानंतर मी सही झाली की स्कॅन करून ईमेल करायचे, मूळ प्रत मागाहून जायची आणि आवक क्रमांक विचारून वहीत लिहून ठेवायचे.

राहण्याचं मात्र जाण्याआधीच बोलून घ्यावं. आदेशात निवासाचा उल्लेख असेल तर तिथल्या अधीक्षकांनाही क्वार्टर देणं सोपं जातं, आणि रात्री कॉल येणाऱ्या बाईमाणसाला आवारातच खोली मिळणं ही चैन नव्हे. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३ च्या नियमांत वर्षाला वीस दिवसांची पगारी किरकोळ रजा आणि कामाच्या गरजेनुसार आठवड्याला एक सुट्टी आहे. ती हक्काने मागावी. मी रविवारी गाइडना फोन करून प्रबंधाचं काम पुढे नेत होते. आणखी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी विचारली: सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या कुठे मिळतात? पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा असतो, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. तेव्हा मध्यरात्री कपाटाची किल्ली कोणाकडे असते हेसुद्धा माहीत हवं.

आता वॉर्डाबद्दल. मेडिकल कॉलेजात सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या या आनुवंशिक आजाराचं, मूल आमच्यापर्यंत येतं तेव्हा निदान झालेलं असतं. इथे ते मीच करायचं. भिल, पावरा समाजात या आजाराचं प्रमाण मोठं. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे मूल आजारी आहे की फक्त वाहक, हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते, आणि तो रिपोर्ट बाहेरून यायचा. तोवर आईबापांना काय सांगायचं, किती सांगायचं, हे कुठल्याही पुस्तकात इतकं नीट शिकायला मिळालं नसतं. सिकलसेलच्या एका मुलाची प्लीहा रक्त अडकून अचानक वाढली आणि ते पांढरंफटक पडलं. रक्तसाठा केंद्रात त्याच्या गटाची पिशवी नव्हती. जिल्ह्याहून पिशवी येईपर्यंत सलाइन किती द्यायचं, रक्त आल्यावर ते थोडं थोडंच का द्यायचं, हे सगळं फोनवर सरांशी बोलत बोलत ठरवलं. प्लीहेत अडकलेलं रक्त नंतर परत रक्तप्रवाहात येतं, म्हणून एकदम जास्त देऊन चालत नाही. मूल वाचलं.

मी अहिराणीत "काय व्हयनं?" विचारलं की शहाद्याकडची माणसं मोकळी बोलायची. धडगावकडच्या पावरी बोलणाऱ्या आयांसाठी मात्र सिस्टरच मध्ये लागायच्या. हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध रोज का द्यायचं, रक्त पुन्हा पुन्हा का तपासायचं, हे मुलाला बरं वाटत असताना समजावणं सगळ्यात कठीण. सिस्टर ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं समजावत. मी त्यांच्याकडून शिकले.

डीआरपी म्हणजे वाया गेलेले महिने, असं बरेच सीनियर सांगतात. मला ते पटत नाही. निवास, हजेरी आणि स्टायपेंड या तीन गोष्टी कॉलेजने धड सांभाळल्या, तर रेसिडेन्सीत यापेक्षा मोठं शिक्षण क्वचितच मिळेल. परत आल्यावर मी कॉलेजच्या डीआरपी समन्वयकांना लेखी विनंती दिली: निवासाची ओळ प्रत्येक आदेशात घाला आणि हजेरीपत्रक ईमेलने स्वीकारा. दुसरी मागणी मान्य झाली आहे. निवासासाठी पाठपुरावा सुरू आहे.