श्रावणात बेळगावला: आईसोबतचे तीन आठवडे

पोहोचलो त्या रात्री आई आमची अंथरुणं घालत होती आणि हात वर केला की बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरत होत्या. मी पाहिलं, पण प्रवासाने डोळे मिटत होते. सकाळी ती न्हाऊन आली, तेव्हा पोलक्याच्या दोन्ही कुशींना आतून हाताने घातलेल्या टिपा दिसल्या. एक जुनी, धागा विटलेला. तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, नव्या धाग्याची. म्हणजे पोलकं एकदा सैल झालं, तिने आवळून घेतलं, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा सैल झालं.

दर रविवारी मी म्युनिकहून तिला व्हिडिओ कॉल करते. तासभर बोलणं होतं. त्या तासात मला तिचा चेहरा दिसतो आणि मागचं कॅलेंडर दिसतं. दंड, पाय, पोलकं काही दिसत नाही.

"किती वाळलीस गं आई?"

"वय झालं की गं आता. बरी आहे मी. तू दमून आलीस, चहा घे आधी."

परदेशातून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरी येणाऱ्या प्रत्येकाला म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. पहिला आठवडा पाहुण्यांना, लग्नकार्याला, खरेदीला देऊ नका. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवा. तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, औषध बदललं की दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवावं लागतं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलात, तर निम्मं काम भावावर टाकून विमानात बसावं लागतं. मी मागच्या दोन सुट्ट्यांत हेच केलं होतं.

आधी येण्याच्या वाटेबद्दल. म्युनिकला शाळेची मोठी सुट्टी ऑगस्टात लागते, त्यामुळे आमचं येणं ऐन पावसातच. या वेळी मुंबईला विमान बदलून गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरलो. तिथून सावंतवाडी, आंबोली, शिनोळी करत दादाने गाडीने घरी आणलं. वाट सुंदर आहे, पण शनिवार-रविवारी आंबोलीचा घाट टाळा. धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि लहान मुलं कंटाळून रडायला लागतात. पणजीकडून येणार असाल तर चोर्ला घाटाचा रस्ता जवळचा, पण पावसाळ्यात धुकं दाट आणि खड्डे पाण्याने भरलेले. तो अंधार पडायच्या आत पार करा. मुंबईहून रस्त्याने आलात तर कोल्हापूर ते बेळगाव साधारण 110 किलोमीटर, महामार्ग चांगला. मुलांना घाट लागत असेल तर आल्याची वडी पर्समध्ये ठेवा, पोटभर खाऊ घालून गाडीत बसवू नका.

आता दवाखाना. आईला बारा वर्षांपासून साखर आहे. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं, त्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणीही (HbA1c) करून घेतली. आकडा दहाच्या वर, म्हणजे फारच जास्त निघाला. रोजची साखर एखाद्या दिवशी बरी दिसू शकते, ही सरासरी मात्र काही लपू देत नाही. मग हळूहळू उलगडलं. गोळीने पोटात ढवळतं म्हणून ती कित्येक महिने अर्धीच गोळी घेत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. "तुम्ही सगळे आपापल्या कामात. उगी कशाला घोर लावायचा?" साखर वाढलेली राहिली की शरीर स्वतःलाच खात जातं आणि वजन उतरतं. तिचं सात किलो उतरलं होतं. शेजारच्या काकू तिला "बारीक झालीस, बरं झालं, गुडघ्यांना आराम" म्हणत होत्या.

तळपायाची आगही होत होती. मी चप्पल बदलून देणार होते. डॉक्टरांनी विचारलं, मेटफॉर्मिन (तिची साखरेची गोळी) किती वर्षं? बरीच वर्षं ही गोळी घेतली की काही जणांत बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं, आणि हातापायांना मुंग्या, आग असा त्रास त्यानेही होऊ शकतो. आईचं बी-12 कमीच निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, आणि गोळी बदलून हळूहळू विरघळणारी दिली, जेवणासोबत घ्यायची. पोटात ढवळणं थांबलं. इतकं साधं होतं ते. त्या दिवशी दवाखान्याबाहेर रिक्षात बसल्यावर मी खूप रडले. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि रिक्षावाल्या मामांनी काही न विचारता रिक्षा हळू चालवली.

तुमच्या घरी कुणाला साखर असेल तर सरासरीची चाचणी, बी-12, मूत्रपिंडाची तपासणी, डोळ्यांचा पडदा आणि पायांची संवेदना, एवढं एका फेरीत करून घ्या. डोळ्यांत थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. आणि गोळ्यांचं पाकीट स्वतः हातात घेऊन मोजा. किती उरायला हव्यात आणि किती उरल्या आहेत, हे विचारण्यापेक्षा मोजलेलं बरं.

स्वतःच्या तब्येतीचं थोडक्यात. जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा भारतात चालत नाही, म्हणून प्रवासाचा वेगळा विमा काढूनच निघा. मुलांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लसी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. दाताचं रूट कॅनल आणि वरची टोपी तीन आठवड्यांत होऊन जाते, पण इम्प्लांट सुरू करू नका. हाड धरायला महिने लागतात. औषधं परत नेताना तीन महिन्यांपुरतीच न्या, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण इथली कंपनीची नावं तिकडे कुणी ओळखत नाही.

दुसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "जांबोटीला जाऊन येऊ या की. मामाला बघून वर्ष झालं." तिचं माहेर त्या बाजूच्या एका खेड्यात. दादा गाडी काढत होता, खरं आई म्हणाली, "बसनंच जाऊ या गं." (आमच्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं. म्युनिकच्या मराठी मैत्रिणींना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.) कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, आणि हे राज्याच्या आतच. कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत तिकीट काढावं लागतं. आईने आधार कार्ड दाखवलं, शून्य रुपयांचं तिकीट घेतलं आणि ते घडी करून पर्समध्ये ठेवलं. कंडक्टर कानडीत बोलत होता, आई मराठीत उत्तर देत होती, आणि दोघांचं काही अडलं नाही. बसच्या पाट्या कानडीत असतात, त्यामुळे वाचता येत नसेल तर चढण्याआधी विचारा. कानडी आकडे ओळखायला अर्धा तास पुरतो, मुलांना विमानातच शिकवा. 'एष्टु' म्हणजे किती आणि 'बेड' म्हणजे नको, एवढ्यावरही बाजार होतो.

शहर मागे पडलं तसा पाऊस वाढला. रोपलावण होऊन गेलेली शेतं हिरवीगार, बांधावर दोन बायका इरलं पांघरून वाकलेल्या. माझ्या मुलीने इरलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मामीने दारातच आईचा हात धरला आणि बांगड्या वर-खाली सरकवून बघितल्या. एक शब्द बोलली नाही. आत जाऊन नाचणीची भाकरी टाकली, अळूची भाजी वाढली आणि आई जेवेपर्यंत समोरून उठली नाही. जेवणानंतर मामाने कणकुंबीला नेलं. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. हीच नदी पुढे खानापूरवरून, सौंदत्तीजवळून जात कृष्णेला मिळते. आई काठाशी बसून ओंजळीत पाणी घेऊन बराच वेळ होती. तिथे जाणार असाल तर दगड शेवाळलेले असतात. म्हाताऱ्या माणसांना पकड असलेल्या तळाची चप्पल घाला आणि हात सोडू नका.

गोकाकला मी मुलीला घेऊन एका दिवसात जाऊन आले. घटप्रभा 52 मीटरांवरून कोसळते, ऑगस्टात पाणी मातकट आणि आवाज प्रचंड. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती मात्र आईलाही झेपली. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं काळ्या दगडाचं जैन मंदिर, छताला उलटं दगडी कमळ. सकाळी गेलात तर शांतता मिळते.

रूपाचंही सांगते, कारण ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. म्युनिकचं पाणी जड, हिवाळ्यात हीटरची हवा कोरडी. केस झाडूसारखे होतात आणि कातडी तडकते. बेळगावच्या पावसाळी हवेत चार दिवसांत दोन्ही मऊ झाली. आईने रोज दुपारी माझ्या डोक्याला खोबरेल लावलं. तिच्या बोटांत जोर कमी झालाय, ते मला डोक्याला कळत होतं. मग मी तिला पुढ्यात बसवलं, तिच्या टाचांच्या भेगांना तूप चोळलं. साखर असलेल्यांनी भेगा ब्लेडने कापायच्या नाहीत, पाय गरम पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत; धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवून टाचांनाच मलम लावायचं. पार्लरमध्ये नवं क्रीम लावून घ्यायचं असेल तर कार्याच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी कानामागे लावून बघा.

पोलकी पहिल्याच दिवशी शिंप्याकडे द्या. श्रावणात आणि गणपतीच्या तोंडावर त्यांना मान वर करायला सवड नसते. साडी घ्यायची तर शहापूर, वडगाव, खासबागकडे चक्कर मारा, माग तिकडेच आहेत. 'दुसरं रेल्वे गेट' नावाचं फाटक बंद मिळण्याची वेळ धरूनच निघा.

परतीच्या बॅगेत कुंदा, आमची ती दुधाची मिठाई, भरू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला बंदी आहे, आणि 14 डिसेंबर 2019 पासून ताजी फळं-भाज्याही, केळी-नारळासारखी चार-पाच फळं सोडून, प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. कढीपत्त्याची जुडी विमानतळावर टाकून द्यावी लागते. कुंदा इथेच पोटभर खा. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला. दोन्ही सुकवलेल्या, घट्ट बांधून.

निघताना दादाशी, वहिनीशी बसून ठरवलं. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा वहिनी रविवारी भरते. कॉल लागला की आई आधी डबा दाखवते, मग फोन स्टुलावर ठेवून दोन्ही तळपाय वर करते. पहिल्यांदा तिला लाज वाटली. आता माझी मुलगीच ओरडते, "आजी, पाय!" नोव्हेंबरात पुन्हा रक्त तपासलं, सरासरी साडेसातवर आली होती. वजन तीन किलो वाढलं. गेल्या रविवारी पाय दाखवून झाल्यावर तिने पोलकं उलटं करून कॅमेऱ्याजवळ धरलं. आतली टीप उसवली होती, जुनी अजून आहे.